लाल पट्टीची पिन

तो बल्ब बंद करा. त्याच्यावर किडे येतात, आणि ही गोष्ट उजेडात सांगायची नाही. शेगडीतला निखारा पुरे आहे. साबिर, तू इकडे सरक. दुपारपासून तोंड पाडून बसलायस. हवाई दलाचं बोलावणं आलं, पण पायलटांत नाही, मेकॅनिकांत घातलं, म्हणून ना? मग ही गोष्ट तुझ्यासाठीच आहे असं समज. मी निम्मं आयुष्य त्या तळावर तेलाचा टँकर चालवला. उडणारे बघितले, विमानं घासणारे बघितले, आणि टँकरवाला म्हणून दोघांनीही माझी टिंगल केली. तेव्हा मी कुणाची बाजू घेतो असं समजू नका.

हे मेतवल्लीच्या बाबतीत घडलं. तोच, पंप दुरुस्त करणारा, लांब हाताचा म्हातारा. गेल्या जानेवारीची वीस तारीख, मंगळवार. किनाऱ्यावरून वादळ गेलं त्याची दुसरी रात्र. वारा पडला होता आणि या सगळ्या तळ्यांवर धुकं बसलं होतं.

काम साधंच होतं. रस्त्याच्या त्या टोकाला अबू शनबचं मत्स्यतळं आहे, त्याचा हवा मारणारा पंप बंद पडला. पंप बंद म्हणजे सकाळपर्यंत मासे पोट वर करून तरंगणार, हे तुम्हाला मी काय सांगायचं. त्यानं मेतवल्लीला फोन केला. मेतवल्लीनं डोक्याला मफलर गुंडाळला, हत्यारांची पेटी तीनचाकीत ठेवली आणि निघाला. बायको इन्शिराह जाऊन तीन वर्षं झाली होती, त्यामुळे कुठं चाललात म्हणून विचारणारं घरात कुणी नव्हतं.

पंपाला फार वेळ लागला नाही. अबू शनबनं तळलेला बोल्टी मासा आणि भाकरी पुढं केली, मेतवल्लीनं चार घास खाल्ले. मग त्यानं पेटी आवरली. ती पेटी तुम्ही बघितली असेल. आत फळी आहे आणि फळीत प्रत्येक पान्यासाठी, प्रत्येक पकडीसाठी त्याच्याच आकाराची खाच कोरलेली. ही तळावरची सवय. एखादी खाच रिकामी दिसली तर हत्यार विमानात राहिलं असं धरायचं आणि विमान हलू द्यायचं नाही. म्हातारा पंप दुरुस्त करून आला तरी खाचांवरून बोट फिरवल्याशिवाय झाकण लावत नाही. त्या रात्रीही त्यानं बोट फिरवलं. सगळं जागच्या जागी होतं. जास्त काही नाही, कमी काही नाही. हे लक्षात ठेवा.

परतीचा रस्ता जुन्या धावपट्टीच्या भिंतीकडेनं जातो. तळ आता बंद आहे, भिंत पडलीय, आत बकऱ्या चरतात. मेतवल्ली त्या रस्त्यानं रात्रीचा कधी जात नाही. पाच मिनिटांच्या वाटेसाठी कालव्यावरून अर्ध्या तासाचा वळसा घेतो. का, ते सांगतो. पण त्या रात्री वादळात कालव्यावरचा पूल खचला होता, दुसरी वाट नव्हती.

माझी दाढी काळी होती तेव्हाची गोष्ट. तेव्हा मेतवल्ली एका विमानाचा मुख्य मेकॅनिक होता. एका माणसाचं लढाऊ विमान, जुनं, पण त्यानं लेकीच्या वर जपलेलं. आणि ते उडवायचा हाझिम. तांता शहरचा पोरगा, उंच, सदा हसरा, आईचा एकुलता एक. त्या दोघांचं भांडण बघायला लोक चहा अर्धा सोडून यायचे.

मेतवल्लीचं म्हणणं एकच. विमान माझं आहे, तुला जरा वेळ चालवायला देतो, नेलंस तसं आणून दे. अधिकाऱ्यांसमोर तो हाझिमला साहेब म्हणायचा, सलाम ठोकायचा. ते पाठमोरे झाले की चेष्टेनं पाशा, म्हणजे सरदार, आणि अरे-तुरे. हाझिम त्याला उस्ताद म्हणायचा आणि कायम अहो-जाहो करायचा, पण जीभ मात्र तिखट. उस्ताद, तुम्ही घासा, आम्ही उडतो, देवानं कामं वाटून दिलीत, असं सुनवायचा. एकदा उतरल्यावर तक्रार केली की वर गेल्यावर उजव्या बाजूनं कुणीतरी कण्हतं. मेतवल्ली मान वर न करता म्हणाला, "तो तूच. उतरताना कण्हतोस ते आम्हाला खाली ऐकू येतं."

मग शिडी. त्या विमानातून उतरायला बाहेरून शिडी लावावी लागायची. हाझिमनं उर्मटपणा केला की मेतवल्ली शिडी खांद्यावर टाकून निघून जायचा. हाझिम वर उन्हात भाजत बसायचा. सगळ्या तळाला ऐकू जाईल असं "विमान उस्तादांचं" म्हणून ओरडला की शिडी यायची. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकांच्या साखरेच्या डब्यात मीठ निघायचं. असं चालायचं. मला दोघांचाही राग यायचा, कारण त्यात मीठ घातलेला चहा बऱ्याचदा मीच प्यायलोय.

आता पिनचं समजून घ्या, साबिर, तुला ते काम पडणारच आहे. पायलटच्या खुर्चीखाली स्फोटाची दारू भरलेली असते. विमान पडायला लागलं की त्यानं दोन पायांमधली कडी ओढायची, खुर्ची त्याच्यासकट बाहेर उडते, छत्री उघडते, माणूस वाचतो. जमिनीवर चुकून कडी ओढली जाऊ नये म्हणून तिच्यात पिन घालतात, बोटभर लांब, आणि पिनला लाल पट्टी. निघताना पायलटनं ती पिन काढायची आणि हात बाहेर काढून वर धरायची. मेकॅनिकनं समोर उभं राहून ती डोळ्यांनी बघायची आणि सलाम करायचा. सलाम झाला की पोरं चाकांखाली अडवलेली लाकडी उटी काढतात. सलाम नाही तर विमान जागेवर. मग पायलट पिन आपल्याजवळच ठेवतो, ती त्याच्याबरोबर जाते. पिन आतच राहिली आणि वर गेल्यावर कडी ओढली, तर कडी अडते. जोरानं हिसका मारला तर पिन वाकते, पण सुटत नाही.

हाझिमच्या पिनची पट्टी झिजली होती. इन्शिराहनं घरच्या लाल मखमली पडद्यातून नवी शिवून दिली होती आणि तिच्यावर दृष्ट लागू नये म्हणून निळ्या दोऱ्यानं एक डोळा भरला होता. हाझिम म्हणायचा, उस्ताद, खाली तुमची नजर आणि वर तुमच्या बायकोची, मी पळून जाऊ तरी कुठं?

एका संध्याकाळी हाझिम जरा आपटूनच उतरला. टायर फुटला, चाकाचा दांडा वाकला. विमान सकाळी हवंच होतं. मेतवल्ली रात्रभर त्याच्याखाली पडून राहिला. आणि त्याच संध्याकाळी त्याच्या मुलीचा, निअमाचा साखरपुडा होता. अंगठ्यांचं तबक समोर ठेवून पोरगी बापाची वाट बघत बसली. शेवटी चुलत्यानंच पुढं होऊन अंगठ्या घालायला लावल्या.

सकाळी हाझिम आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्याला वाईट वाटलं असणार, पण तो पायलट, वाईट वाटलं की चेष्टा करणार. सगळ्या पोरांसमोर म्हणाला, "बरंच झालं की उस्ताद. तुम्ही गेला असतात तर तुमचं तोंड बघून नवऱ्या मुलानं अंगठी परत घेतली असती."

पोरं हसली. मीही हसलो. मेतवल्ली नेहमी एकाला दोन परत करणारा, त्या दिवशी मात्र सरळ कामाला लागला. शिडीवर चढला, हाझिमचे पट्टे आवळले. हाझिमचं हसू मावळलं.

"उस्ताद, रागावलात?"

मेतवल्लीनं शेवटचा पट्टा ओढला.

"उतरलो की मी स्वतः घरी येतो. मिठाई घेऊन. निअमाची माफी मागतो."

मेतवल्ली शिडी उतरला. समोर आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. हाझिमनं हात बाहेर काढायला सुरुवात केली... आणि मेतवल्लीनं त्याच्याकडे पाठ केली.

पाठ केली आणि खांद्यावरून मागं हात उडवला. जा, म्हणून. पोरांचं लक्ष मेतवल्लीच्या हाताकडे असतं, पायलटकडे नाही. पिन बघूनच तो वळला असं समजून त्यांनी उटी काढली. माझा टँकर दुसऱ्या बाजूला होता, मला ना हाझिमचा हात दिसत होता, ना मेतवल्ली. पिन बाहेर आली होती की नाही, ते बघणारा माणूस तळावर एकच होता, आणि त्यानं पाठ फिरवली होती.

ते विमान परत आलं नाही. समुद्रावर असताना बोलणं तुटलं. नावा गेल्या, शोध झाला. पाण्यावर तेलाचा तवंग सापडला, बाकी काही नाही. छत्री उघडलेली कुणी बघितली नाही.

त्या संध्याकाळी मेतवल्ली खांद्यावर शिडी घेऊन विमानाच्या रिकाम्या जागेपाशी उभा होता. सूर्य बुडाला, दिवे लागले. खाली ठेव म्हणायची कुणाची छाती झाली नाही. शेवटी मी गेलो आणि शिडीचं दुसरं टोक धरलं.

चौकशीत त्याला विचारलं, पिन दाखवली होती का? तो म्हणाला, हो, दाखवली. खरं फक्त इन्शिराहला ठाऊक होतं. त्याला स्वप्नात नेहमी एकच वस्तू दिसायची. पिन. मधोमध वाकलेली. पोरानं तळमळून हिसके मारले असतील आणि कडी अडली असेल, या विचारानं तो माणूस वीसेक वर्षं रोज थोडा थोडा मेला.

तर त्या रात्री. धुक्यातून तीनचाकी चालली होती. डाव्या हाताला पडकी भिंत, उजवीकडे तळी. बेडूक ओरडत होते. धावपट्टीच्या तोंडाशी आला आणि इंजिन बंद पडलं.

किक मारली. पुन्हा मारली. काही नाही. पेट्रोल होतं, ठिणगी होती. असं इंजिन बंद पडत नाही, हे त्याच्यापेक्षा जास्त कुणाला कळणार?

मग बेडूक थांबले.

एकदम सगळे.

आणि वास आला. पेट्रोलचा नाही. विमानाच्या तेलाचा. मी जन्मभर त्या वासात झोपलोय, तो दुसऱ्या कशाचा असू शकत नाही. तळ बंद होऊन किती वर्षं झाली... तिथं तेलाचा थेंब नाही.

मेतवल्लीनं वर बघितलं.

रस्त्यावर, धुक्यात, कुणीतरी बसलं होतं. जमिनीवर नाही. वर. दीड पुरुष उंचीवर. खाली काही नव्हतं. ना भिंत, ना झाड, ना गाडी. पण ती उंची मेतवल्लीला पाठ होती. त्याच्या शिडीची उंची.

बसलेला माणूस हलत नव्हता. एक हात बाहेर काढून वर धरलेला. हातात काहीतरी लोंबत होतं. धुक्यात रंग दिसत नव्हता.

मेतवल्लीनं काय करावं? त्यानं पाठ फिरवली. हो, पुन्हा. मला सांगताना तो रडला. म्हणाला, बय्यूमी, भीतीनं नाही रे. पिन वाकलेली असेल तर... ती मला बघवली नसती.

तो उभा राहिला. तोंड तळ्याकडे. पाठ त्याच्याकडे.



पाणी टपकत होतं. मागं. थेंब... थेंब...

मग आवाज. हळू. थकलेला.

"उस्ताद..."

मेतवल्ली तळ्याकडेच बघत राहिला.

"उस्ताद. हात दुखतोय."

...

"किती वेळ धरू? बघा ना एकदा."

पोरांनो, त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. इतकी वर्षं तो तिथंच होता. हात वर धरून. सलाम नाही, तर विमान जागेवर. परवानगी दिली नव्हती कुणी त्याला. ना जायची, ना उतरायची.

मेतवल्ली वळला.

धुकं जरा सरकलं. हात दिसला. मनगट दिसलं. लाल पट्टी. पट्टीवर निळा डोळा. तो डोळा बरोबर त्याच्याकडे बघत होता.

त्यानं बघितलं. नजर काढली नाही. पाठ सरळ केली, पाय जुळवले. उजवा हात वर गेला. सलाम.

वरचा हात खाली आला. सावकाश. अवघडलेला हात येतो तसा.

"विमान उस्तादांचं," तो म्हणाला. नेहमीसारखा ओरडून नाही. हळू.

मग वारा आला, एकच झोत, तळ्याचं पाणी काठाला लागलं. आणि बेडूक ओरडायला लागले. रस्त्यावर धुकं होतं. दुसरं काही नव्हतं.

तीनचाकी पहिल्या किकला सुरू झाली.

तो घरी गेला नाही. पहाटेची बांग व्हायच्या आधी माझ्या दारात उभा. पेटी छातीशी धरलेली. मी दिवा लावायला गेलो तर म्हणाला, लावू नकोस, आधी मी सांगतो ते ऐक. अंधारात बसून त्यानं सगळं सांगितलं, साखरपुड्यापासून, चौकशीतल्या खोट्यापासून. मला पाठ फिरवल्याचं तेव्हाच कळलं. मग म्हणाला, पेटी अजून उघडली नाही. वाटेत आतून आवाज येत होता. माझ्या पेटीतून आवाज येत नाही, प्रत्येक वस्तू खाचेत घट्ट असते. तू उघड.

मी झाकण उघडलं. हात घातला. पान्यांवर काहीतरी ओलं, मऊ पडलं होतं. मखमल. तिच्या टोकाला थंड लोखंड.

मेतवल्लीनं ते माझ्या हातून घेतलं. मला त्याचं तोंड दिसत नव्हतं. त्याच्या बोटांचा आवाज तेवढा येत होता, लोखंडावरून फिरणाऱ्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत.

"सरळ आहे," तो म्हणाला. "बय्यूमी, सरळ आहे रे."

म्हणजे पिन कडीत अडली नव्हती. त्या सकाळी पोरानं ती काढली होती. मेतवल्लीच्या पाठीला का होईना, दाखवली होती. मग तो बाहेर का पडला नाही? कडी का ओढली नाही? ते समुद्राला ठाऊक. मेतवल्ली लहान मुलासारखा रडला, आणि मी त्याला रडू दिलं.

रमजान ईदनंतर आम्ही दोघं तांताला गेलो, हाझिमच्या आईकडे. बरोबर निअमा होती, तिची दोन पोरं होती आणि मिठाईचा मोठा डबा होता. हाझिमची आई फार थकलीय. मेतवल्लीनं तिला सगळं खरं सांगितलं. पाठ फिरवल्याचंही. तिनं डबा जवळ ओढला. मग तिनं डबा उघडला आणि पहिला तुकडा निअमाच्या हातावर ठेवला. म्हणाली, "त्यानं तुला द्यायचा होता ना, घे."

मेतवल्लीनं खिशातून ती पट्टी काढली आणि पिनसकट तिच्या हातात दिली. जानेवारीपासून ती त्याच्या घरी चुलीवरच्या खिळ्याला टांगलेली होती. एप्रिलच्या गरम वाऱ्यात छपरावर वाळत घातलेली मी माझ्या डोळ्यांनी बघितलीय. म्हातारीनं ती मुठीत घट्ट दाबली. तिच्या बोटांमधून पाणी निघालं आणि मांडीवर सांडलं. तिनं बोट ओठांना लावलं.

"खारट आहे," ती म्हणाली. "अजून ओली कशी, भाऊ?"